बाहेर अठ्ठ्याहत्तर, आत पाच

जर्मनीचा नकाशा उघडा. न्युरेम्बर्गवर कंपासचं टोक रोवा आणि शंभरेक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. शंभर किलोमीटर म्हणजे किती? मुंबईहून गाडीत बसलात तर पुणं दूरच, जेमतेम कर्जत. एवढ्याशा वर्तुळात तीन गावं आहेत आणि तिघांनी मिळून हवामानाच्या वहीत धुमाकूळ घातलाय.

पूर्वेला आंबेर्गजवळचं गेर्मर्सडॉर्फ. २७ जुलै १९८३ रोजी इथला पारा ४०.२ अंशांवर गेला आणि तो जर्मनीचा उच्चांक ठरला. वायव्येला द्राक्षमळ्यांचं किट्झिंगेन. ५ जुलै २०१५ रोजी ४०.३ अंश, नवा उच्चांक! महिनाभरानं, ७ ऑगस्टला, पुन्हा तेवढाच. आता दक्षिणेला वळा. हॉप्सच्या वेलींच्या मुलखात ह्युल नावाचं खेडं आहे. १२ फेब्रुवारी १९२९ रोजी तिथं पारा कुठवर उतरला असेल? उणे दहा? उणे वीस? उणे ३७.८!

चंद्रपूर-नागपूरकर म्हणतील, चाळीस अंश म्हणजे आमच्याकडचा एप्रिल. मान्य. पण वजाबाकी करून बघा. किट्झिंगेनचा माथा आणि ह्युलचा तळ यांत ७८.१ अंशांचं अंतर पडतं. पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंतची पट्टी शंभर अंशांची, आणि त्यातली पाऊण पट्टी एका शहराच्या आसपास वापरून झालीय!

याच वर्तुळात माणूस राहतो. त्याच्या आतली पट्टी किती अंशांची? नेहमीचा मुक्काम ३७. गाभ्याचं तापमान ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर शीतबाधा म्हणतात. ४० च्या वर गेलं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला की उष्माघात. पस्तीस ते चाळीस. बाहेर अठ्ठ्याहत्तर अंशांचा झोपाळा आणि आत पाच अंशांची खोली! त्या खोलीतच शाळा, लग्नं, नोकऱ्या, म्हातारपण, सगळं उरकायचं.

देहाची भट्टी

ही खोली गरम ठेवायला आत भट्टी आहे. निवांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. जुन्या काळचा शंभराचा पिवळा बल्ब, तेवढी. किरकोळ वाटतं ना? आता माणसं मोजा.

न्युरेम्बर्गमध्ये राहतात सुमारे ५ लाख ३० हजार माणसं. सगळी खुर्च्यांवर स्वस्थ बसली, कुणी बोटसुद्धा हलवलं नाही, तरी शहरभरच्या देहांतून ५३ मेगावॉट उष्णता बाहेर पडतेय. आपली लांब पल्ल्याची गाडी ओढणारं वॅप-७ इंजिन सहा हजारांवर अश्वशक्तीचं. अशी अकरा इंजिनं पूर्ण जोरात लावा, तेवढी ताकद झाली. नुसतं बसून!

महाराष्ट्र घेऊ. २०११ च्या जनगणनेत आपण ११ कोटी २४ लाख होतो. गुणिले शंभर वॉट. अकरा हजार मेगावॉटच्या पुढे! कोयनेचा जलविद्युत प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. म्हणजे आपल्या अंगांत पावणेसहा कोयना अखंड चालू आहेत. पैशांत हवं? एका माणसाची दिवसाची उष्णता २.४ युनिट. युनिटला दहा रुपये धरा, माणशी २४ रुपये. राज्याचं बिल रोज सुमारे २७० कोटी रुपये! आणि मीटर एकदाही बंद होत नाही.

आता प्रश्न पडायला हवा तो हा, की एवढी उष्णता जाते कुठे? आणि ती गेलीच नाही तर?

डेक्कन क्वीनमधला प्रवासी

सत्तर किलोचा एक प्रवासी कल्पनेत आणा. त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडायचे सगळे रस्ते बंद करा आणि मुंबईला त्याला डेक्कन क्वीनमध्ये बसवा. त्याचा देह एक अंशानं तापायला लागतात सुमारे २४५ किलोज्यूल. शंभर वॉटच्या भट्टीला त्यासाठी ४१ मिनिटं पुरतात. गाडी सुटली तेव्हा ३७. कर्जत येता येता ३९ ओलांडले. घाट चढून लोणावळ्याच्या सुमारास ४० पार! भोवती चिक्कीवाले ओरडताहेत आणि आपला माणूस उष्माघाताच्या हद्दीत शिरलाय. सव्वातीन तासांनी पुण्याला उतरतो तेव्हा ४२ ला टेकलेला. आणि त्यानं केलं काय? खिडकीबाहेर बघत बसला, बस्स.

पळणाऱ्या माणसाला तर एवढाही वेळ मिळत नाही. जोरात धावताना देह हजार वॉटपर्यंत उष्णता तयार करतो, दहापट. तीच उष्णता कोंडली तर ३७ वरून ४२ वर जायला वीस मिनिटं. सीएसएमटीहून धीमी लोकल पकडली तर वीस मिनिटांत जेमतेम दादर!

आता या पाच अंशांची किंमत काढू. पाच गुणिले २४५ किलोज्यूल, म्हणजे एक तृतीयांश युनिट वीज. साडेतीन रुपये. निरोगी माणूस आणि मरणाच्या दारातला माणूस यांच्यामध्ये साडेतीन रुपयांची उष्णता उभी आहे. तेवढ्यात कटिंगसुद्धा येत नाही.

घामाच्या दोन विहिरी

मग आपण सगळे लोणावळ्याला कोसळत का नाही? घामामुळे! अंगावर घामाच्या ग्रंथी किती? वीस ते चाळीस लाख. एका माणसाच्या कातडीवर अख्ख्या महानगराच्या लोकसंख्येएवढे नळ. कडक उन्हात कष्ट करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो, सरावलेल्याचा दोन लिटरही.

एक लिटर घाम पूर्ण वाळला तर किती उष्णता नेतो? सत्तर किलोच्या देहाला जवळजवळ दहा अंशांनी थंड करण्याएवढी! तेवढ्याच उष्णतेत साडेसात लिटर पाण्याला उकळी येईल, कटिंग चहाचे पाऊणशे ग्लास होतील. आणि न्युरेम्बर्गच्या प्रत्येक माणसानं एक तास असा घाम गाळला तर? वीस फूट व्यासाची विहीर घ्या, तीस फूट पाणी असलेली. अशा दोन विहिरी भरतील. तासाभरात!

घामाबरोबर रक्तही धावतं. देहात रक्त असतं सुमारे पाच लिटर. फार तापलं की मिनिटाला सात-आठ लिटर रक्त एकट्या त्वचेकडे वळवलं जातं. तासाभराचं गणित केलंत तर गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी जवळजवळ भरते. हृदयाची मूठ एवढीशी आणि उपसा केवढा! म्हणून उन्हाळ्यात आधी थकतात ती म्हातारी, आजारी हृदयं.

या सगळ्या यंत्रणेला एकच अट आहे, घाम वाळला पाहिजे. अंगावरून टपकून जमिनीवर पडला तो वाया गेला. कोकणपट्टीतली दमट हवा घाम वाळू देत नाही, त्यामुळे थर्मामीटरवरचा आकडा साधा दिसतो आणि देह आतून लोणावळ्याकडे निघालेला असतो. १६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा, लाखोंचा जनसमुदाय, डोक्यावर छप्पर नाही. १४ माणसं गेली. त्या दिवशी राजस्थानसारखा पन्नाशीचा पारा नव्हता. ऊन, दमट हवा आणि तासन्‌तास बसणं, एवढं पुरलं.

जर्मनीची अडचण वेगळी. जूनअखेर न्युरेम्बर्गमध्ये दिवस सव्वासोळा तासांचा असतो. घरं बांधलेली आहेत ऊब धरून ठेवायला, बहुतेक घरांत एसी नाही, छताला पंखाही नाही. एर्लांगेन-न्युरेम्बर्गला नोकरी करणाऱ्या मुलाकडे उन्हाळ्यात आलेले आईबाबा म्हणतात, ‘अरे, अडतीस म्हणजे काय ऊन झालं?’ उतरत्या छपराखालच्या खोलीत तिसऱ्या रात्री उत्तर मिळतं. २०१८ च्या उन्हाळ्यात जर्मनीत उष्णतेनं सुमारे ८,७०० बळी घेतले. बारा डब्यांच्या खच्चून भरलेल्या दोन लोकल. २००३ मध्ये युरोपभर ७०,००० च्या वर. अशा पंधरा लोकल, आणि फलाटावर कुणीच उतरलं नाही.

बावीस रुपयांचा बर्फ

आता उलटा हिशेब मांडू, आणि हा हिशेब आनंदाचा आहे.

आधी ओळख. ऊन लागलेला माणूस दमलेला, घामाघूम, डोकं दुखतंय, मळमळतंय, पण तुमच्याशी नीट बोलतोय. त्याला सावलीत आडवा करा, पाय थोडे उंच ठेवा, घोट घोट पाणी द्या. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण स्वयंपाकघरातही जमतं. पण तोच माणूस असंबद्ध बडबडू लागला, ओळखेना, तोल जाऊ लागला, झटके आले, शुद्ध हरपली? मग घड्याळाकडे बघा. तो उष्माघात. कातडी कोरडी असेलच असं नाही, पळून कोसळलेला माणूस घामानं चिंब असतो आणि आतून ४१ वर असतो. पॅरासिटामॉल इथं निरुपयोगी, कारण हा ताप नव्हेच. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

करायचं ते एकच. थंड करा. फोन लावा, महाराष्ट्रात १०८, जर्मनीत ११२, आणि गाडी येईपर्यंत हात जोडून उभे राहू नका. जास्तीचे कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघांत बर्फ ठेवा. धावपटूसारख्या धडधाकट माणसाला टबात किंवा मोठ्या पिंपात गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवता आलं आणि डोकं धरायला कुणी असलं तर सर्वांत उत्तम.

किती वेळ लागेल? बर्फाच्या पाण्यात देह मिनिटाला साधारण ०.२ अंशानं उतरतो. ४१.५ वरून ३८.५ वर यायला पंधरा मिनिटं! किती बर्फ? त्या तीन अंशांची उष्णता शोषायला, नुसत्या गणितानं, २.२ किलो. किलोला दहा रुपये धरा. बावीस रुपये! पाणी गार ठेवायला प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागेल, दहापट धरा हवं तर. तरी दोनशे वीस रुपये.

हे कागदावरचं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फालमथला दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. अठरा वर्षांच्या नोंदींमध्ये उष्माघातानं कोसळलेले २७४ धावपटू सापडले. तंबूत बर्फाचे टब तयार होते. किती वाचले? २७४ पैकी २७४! गुपित काय, तर आधी थंड करायचं, मग हलवायचं. रुग्णालय अर्ध्या तासावर असेल तर तो अर्धा तास वाटेत घालवायचा नाही.

पंचवीसपट वेगाची चोरी

आता वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला, ह्युलकडे. न्युरेम्बर्गच्या हाउप्टमार्क्ट चौकात डिसेंबरात ख्रिसमसचा बाजार भरतो. एका हंगामात येतात वीसेक लाख माणसं. प्रत्येकानं मसाल्याची गरम वाइन एक पेलाभर, २०० मिलिलिटर, घेतली असं धरलं तर चार लाख लिटर होते. आपल्या मघाच्या मापात दीड विहीर वाइन! पिणाऱ्याला ऊब वाटते आणि नेमकं उलटं घडतं. दारूनं त्वचेकडचं रक्त वाढतं, आतली उष्णता बाहेर पळते. बाजारापुरतं ठीक, पण पिऊन कुणी बाकावर झोपला तर त्याची भट्टी रात्रभर उघड्यावर जळते.

थंडीतला सर्वांत मोठा चोर मात्र पाणी. ते हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. बर्फाळ तळ्यात पडलेल्या माणसासाठी तीन आकडे सांगतात. पहिलं एक मिनिट धाप आवरण्याचं. पुढची दहा मिनिटं हातपाय चालण्याची. आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. पडला की दोन मिनिटांत संपला, ही समजूत खोटी. दहा मिनिटं हाताशी असतात, ती ओरडण्यात घालवायची नाहीत.

आणि त्यासाठी जर्मनीच हवी असं नाही. जुलैत हरिश्चंद्रगडावर पाऊस, वारा आणि चिंब कपडे एवढं जमलं की पारा पंधरावर असतानाही देह पस्तिशीच्या खाली घसरतो. खाली जाताना पायऱ्या अशा. ३५ पासून कुडकुडणं, आणि त्या थरथरीत देह पाचपट उष्णता तयार करतो, शंभर वॉटची भट्टी पाचशेवर! बोटांतून वस्तू सुटतात, जीभ जड होते, माणूस चिडतो, अडखळतो. ३२ च्या आसपास कुडकुडणं थांबतं. सोबतचे म्हणतात, बरं झालं, थंडी गेली. खरं तर भट्टी विझू लागलेली असते. २८ च्या खाली हृदय कधीही बिघडू शकतं, नुसत्या धक्क्यानंसुद्धा.

ही घसरण मोजा. ३७ वरून २८. नऊ अंश. ०.६१ युनिट. सहा रुपये! वर साडेतीन, खाली सहा. दहा रुपयांच्या नाण्यात माणसाचं जगणं-मरणं बसतं, वर चिल्लर उरते.

म्हणून उपचार हळुवार. ओले कपडे उतरवा, कोरडं गुंडाळा, डोकं झाका, जमिनीपासून वेगळं करा, आडवंच ठेवा, धसमुसळेपणा नको. शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या, दारू नाही. हातपाय चोळायचे नाहीत, हिमदंश झालेल्या बोटांवर बर्फ तर मुळीच चोळायचा नाही. पुन्हा गोठायची भीती नसेल तरच ती बोटं ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरायची. नाडी शोधायला पूर्ण एक मिनिट द्यायचं, कारण गारठलेल्या देहात ती फार मंद चालते.

सहाशे क्रमांकाची खोली

इथे आकड्यांचा वेग कमी करायला हवा. न्युरेम्बर्गहून साधारण मुंबई–पुणे एवढ्या अंतरावर डाखाऊ आहे. ऑगस्ट १९४२ ते मे १९४३ या काळात तिथल्या छळछावणीत कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून, माणूस किती वेळात गारठतो ते नाझी डॉक्टरांनी ‘मोजलं’. सुमारे तीनशे कैदी, मेले ऐंशी ते नव्वद. पुढे न्युरेम्बर्गच्या न्यायमंदिरात, सहाशे क्रमांकाच्या खोलीत, नाझी डॉक्टरांवर खटला उभा राहिला. ९ डिसेंबर १९४६ ला सुरुवात, २३ आरोपी, त्यांतले २० डॉक्टर. ८५ साक्षीदार, जवळपास दीड हजार कागदपत्रं. १६ दोषी, ७ जणांना फाशीची शिक्षा. २० ऑगस्ट १९४७ रोजी हे आटोपलं तेव्हा आपलं स्वातंत्र्य पाच दिवसांचं होतं.

त्या निकालात दहा कलमं लिहिली गेली, तीच न्युरेम्बर्ग संहिता. पहिलं कलम, माणसाच्या मोकळ्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग नाही. आणि डाखाऊचे ते आकडे? १९९० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये रॉबर्ट बर्गर यांनी ते तपासून दाखवलं, की शास्त्र म्हणूनही ते कुचकामी आहेत. तीनशे माणसांच्या यातना, विज्ञानाच्या वहीत जमा शून्य.

तेरा पूर्णांक सात

खऱ्या विज्ञानाचा आकडा नॉर्वेत सापडतो. २० मे १९९९. नार्विकजवळ स्कीइंग करताना एक तरुण स्वीडिश डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात पडली. बर्फाखाली एकूण ८० मिनिटं! पहिली चाळीस मिनिटं हवेच्या एका कप्प्यात श्वास घेत राहिली, मग हृदय थांबलं. बाहेर काढलं तेव्हा श्वास नाही, नाडी नाही. सहकाऱ्यांनी छाती दाबायला घेतली ती थांबवलीच नाही. हेलिकॉप्टरनं ट्रॉम्सोला. तिथं तापमान मोजलं. १३.७ अंश! आपल्या पाच अंशांच्या खोलीच्या तळापासून एकवीस अंश खाली.

सत्तर किलोच्या देहातून २३.३ अंश गेले तर उष्णता जाते सोळा रुपयांची. सोळा रुपये परत करायला काय लागलं? शंभराहून अधिक डॉक्टर-परिचारिका आळीपाळीनं, सलग नऊ तास. रक्त बाहेर काढून, यंत्रात तापवून, पुन्हा आत. हृदय पुन्हा चालू झालं! ती वाचली आणि पुढे त्याच रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करू लागली. देह गारठताना मेंदूची प्राणवायूची भूकही घटत जाते, त्या सवलतीनं तिला तारलं. म्हणून नियम असा, की गारठलेल्या माणसाला ऊब देऊन झाल्याशिवाय मृत म्हणायचं नाही.

शंभर माणसं सगळ्यांना मिळत नाहीत. पण बर्फाचं पिंप, कोरडं कांबळं आणि तीन आकडी फोन नंबर मिळतो. आणि शिकायला? पंधरा मिनिटं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २ कोटी ३८ लाख कुटुंबं होती. प्रत्येक घरातल्या एकानं पंधरा मिनिटं दिली तर होतात ३५ कोटी ७० लाख मिनिटं. साठ लाख तास. सुमारे ६८० वर्षं! बहमनी सुलतानी स्थापन झाली तेव्हापासून आजवरचा सगळा काळ. आणि एकाच संध्याकाळी सगळे बसले तर? पाव तास.